सुरणाची भाजी

आज सकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर लेस्टरच्या मावसबहिणीने फोटो टाकला. हातात इवलीशी प्लॅस्टिकची नळी, खाली ओळ: 'सरकारने माझी शी मागवलीय!' ग्रुपवर हसण्याच्या इमोजींचा पाऊस. मी फोन पालथा घातला.

तिने नुकतीच पन्नाशी गाठली. इंग्लंडात ५० ते ७४ वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं हे किट पोस्टाने घरी येतं. काडी फिरवायची, नळीत बंद करायची, परत पाठवायची. डोळ्यांना न दिसणारं रक्तसुद्धा त्यात सापडतं. फुकट.

आमच्या दादाला डोळ्यांना दिसणारं रक्त जात होतं. चौदा महिने! घरादाराने निदान केलं, मूळव्याध. डॉक्टरांनी टेबलावर न घेताच मलम लिहून दिलं. वहिनीने सुरण आणला. सुरणाची भाजी, सुरणाचे काप. आम्ही त्याला 'सुरणशेठ' म्हणून चिडवायचो. मीसुद्धा.

आतड्यातल्या पॉलिपचा, म्हणजे आत उगवलेल्या छोट्या मांसल गाठीचा, कॅन्सर व्हायला बहुतेकदा दहाएक वर्षं लागतात, आणि दुर्बिणीने बघतानाच तो पॉलिप कापून टाकता येतो. दहा वर्षं! आपल्या सरकारी तपासणीत तिशीपुढच्यांसाठी तोंड, स्तन, गर्भाशयमुख आहे. आतडं नाही. आतडं काय फक्त गोऱ्यांना असतं?

हेच तावातावाने डॉक्टर भाच्याला पाठवलं. त्याचा फोन आला. म्हणे, मावशी, आपल्याकडे याचं प्रमाण तिकडच्यापेक्षा बरंच कमी. किट स्वस्त आहे गं, खर्च पुढे आहे. पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाची कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करावी लागते, त्यातल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो, आणि क्वचित आतड्याला भोकही पडतं. तालुक्याला दुर्बीण कुठेय? किती रक्त सापडलं की पुढे पाठवायचं, ती रेषा स्कॉटलंडने ग्रॅमभर शीमागे ८० मायक्रोग्रॅमवर आखली आणि इंग्लंडने सुरुवातीला १२० वर, कारण तेवढ्या कोलोनोस्कोप्या उरकायला माणसं नव्हती.

बरं. असेल त्याचं बरोबर. आहेच.

पण मग फोन ठेवल्यावर लक्षात आलं, दादाचा या हिशोबाशी संबंधच नव्हता. स्क्रीनिंग असतं ते काहीच त्रास नसलेल्यांसाठी. त्याला तर त्रास होत होता, तो सांगतही होता. ऑपरेशनच्या वेळी कळलं, गाठ बोटाला लागेल इतकी जवळ होती. कुठली राष्ट्रीय योजना नको होती त्याला. एक हातमोजा आणि दोन मिनिटं. तेवढ्याला किती पैसे पडतात हो?

तोवर लिव्हरमध्ये पसरलं होतं. ५१ वर्षांचा होता. पोटावर पिशवी लागल्यावर एकदा म्हणाला, "आता तरी सुरण बंद करा." तेव्हाही आम्ही हसलो होतो. वहिनी नाही.

डॉक्टरांवर चिडावं तर आमच्या घरात तरी कोण नीट विचारत होतं, रक्त कसलं, किती, कधीपासून? जेवताना हे विषय नकोत, एवढंच.

संध्याकाळी बहिणीला लिहिलं, नळी पाठवलीस ना? तिचं उत्तर आत्ता आलं. "अगं कसली पाठवतेय, दहा दिवस बाथरूममध्ये पडलीय. लाज वाटते."

तिकडे आता दुपार असेल. फोन लावतेय.