गनर आत आला, पण सगळं काम आत आलेलं नाही

चिलखती गाडीच्या छतावर रिमोटवर चालणारी मशीनगन बसवली की गनरचा, म्हणजे ती गन चालवणाऱ्या जवानाचा, धोका संपला, असं म्हटलं जातं. हे अर्धंच खरं आहे. छताच्या झडपेतून छातीपर्यंत बाहेर उभा राहणारा जवान स्नायपरला आणि रस्त्याकडेच्या स्फोटाला सगळ्यात आधी सापडायचा. तो आता चिलखताच्या आत स्क्रीन आणि जॉयस्टिकपुढे बसतो, हे फार मोठं काम झालंय. अमेरिकी लष्कराने २००७ मध्ये नॉर्वेच्या कॉंग्सबर्ग कंपनीची अशी यंत्रणा घेतली ती यासाठीच. पण १२.७ मिमी गनचा गोळ्यांचा पट्टा संपला किंवा काडतूस अडकलं, की बऱ्याच मॉडेलमध्ये कुणाला तरी झडप उघडून वर जावंच लागतं, तेही ऐन चकमकीत! शिवाय उष्णतेवरून चित्र दाखवणारा थर्मल कॅमेरा झूम केला की लांबचा माणूस स्पष्ट दिसतो, पण बाजूच्या गल्लीतलं काहीच दिसत नाही. उघड्यावरच्या गनरला ते मान वळवली की कळायचं, कानांनीही कळायचं. बोटींवर मात्र हेलकावे ओळखून गन स्थिर ठेवायला मदत करणाऱ्या जायरोमुळे लाटांतही नेम टिकतो, तिथला फायदा निर्विवाद आहे; भिंगावरचं खारं पाणी तेवढं पुसत राहावं लागतं. त्यामुळे अशी यंत्रणा घेताना पल्ल्याच्या आधी विचारायला हवं, की गोळ्या आतून भरता येतात का?