तासगावकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर : रथ, लॉक आणि फुटलेली मंडळं

तासगावकर दादा, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, तेव्हाच उत्तर टाईप करायला बसलेलो पण निम्मं लिहून पुसून टाकलं, नुसताच राग होता त्यात. आता दोन दिवस गेलेत, लग्नपत्रिकांचा एक लॉटपण मार्गी लागलाय, तर निवांत लिहितो. लांबणार आहे, आधीच सांगतो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मागच्या पोस्टमध्ये मी ओपन सोर्सचं (म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता, बदलता, वाटता येतो अशा सॉफ्टवेअरचं) नेतृत्व करणाऱ्या माणसांबद्दल लिहिलेलं, ही चळवळ उभी करणारा रिचर्ड स्टॉलमन, कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स ही सिस्टीम सुरू करणारा लिनस टोरवाल्ड्स वगैरे, आणि शेवटी भावनेच्या भरात त्यांना "आजच्या काळातले संत" म्हणून मोकळा झालो. त्यावर तासगावकरांचं म्हणणं असं की एक तर हे कसले संत, एकाला वागण्या-बोलण्यापायी पद सोडावं लागलं आणि दुसऱ्यानं शिवराळपणाबद्दल जाहीर माफी मागितली. दुसरं, तासगावच्या गणपतीच्या रथाचा दोर ओढणारे हजारो आणि रथावर उभं राहून फोटोत येणारे चार, तसंच इथं कोड लिहिणारी पोरं फुकट राबतात आणि भाषणं ठोकणारे पुढारी होतात. तिसरं, हे सगळं आता मोठ्या कंपन्यांच्या दावणीला बांधलंय. आणि चौथं, मी स्वतः कोडची एक ओळ लिहीत नाही, मला फक्त "फुकट ते पौष्टिक" एवढंच कळतंय.

चौथ्यापासून सुरू करतो कारण ते लागलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलेलं ते तुम्हाला सांगायला नको. मामांचा प्रेस मारुती चौकाच्या अलीकडं. ऑफसेट मशीन पाण्यात गेलं ते गेलंच, पण कॉम्प्युटर आम्ही पोरांनी आदल्या रात्रीच माळ्यावर चढवलेले, म्हणलं डेटा तरी वाचला. पाणी उतरल्यावर, चिखल काढून, आठ-दहा दिवसांनी कॉम्प्युटर चालू केले तर डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं लावायचं, सॉफ्टवेअर उघडेना, कारण त्याचं लॉक, ते मागं लावायचं बोटाएवढं डोंगल, खालच्या ड्रॉवरमध्येच राहिलेलं. कंपनीला फोन लावला (नाव घेत नाही, उगाच कशाला) तर म्हणे जुन्या व्हर्जनचं लॉक आता येत नाही, नवीन पूर्ण पॅकेज घ्या. पूर आलाय हो, म्हणलं. तर म्हणे तुम्हाला काहीतरी डिस्काउंट बघतो. अकरा वर्षांच्या फाईली, पतपेढ्यांचे अहवाल, देवस्थानच्या पावत्या, मयताची कार्डं, सगळं त्यांच्याच फॉन्टमध्ये, दुसऱ्या कशात उघडलं की नुसता कचरा दिसायचा. आमच्याच माणसानं टाईप केलेलं, आमच्याच डिस्कवर पडलेलं, आणि आम्हालाच वाचता येईना. तोवर मला ओपन सोर्स म्हणजे पैसे नसणाऱ्यांचं सॉफ्टवेअर एवढंच वाटायचं. त्या दिवसापासून नाही वाटत. फुकट मिळतंय म्हणून मी यात आलो नाही दादा, चांगले पैसे मोजून फसलो म्हणून आलो.

आणि म्हणूनच स्टॉलमनची प्रिंटरची गोष्ट मला आवडते. एमआयटीच्या लॅबमध्ये झेरॉक्सचा नवा लेसर प्रिंटर आला, साल १९८० च्या आसपासचं. तो सारखा जॅम व्हायचा. जुन्या प्रिंटरला यांनी स्वतः कोड लिहून सोय केलेली की कागद अडकला की ज्यांचं छापायचं राहिलंय त्यांना स्क्रीनवर निरोप जाईल. नव्याचा सोर्स कोडच, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूरच, दिलेला नव्हता. कार्नेगी मेलन विद्यापीठात एकाकडं तो आहे असं कळलं म्हणून हा गडी तिथं जाऊन मागून आला, तर त्यानं सांगितलं, मी कुणाला देणार नाही असं लिहून दिलंय. ही गोष्ट मी मामांना सांगितली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मग जॅम कोण काढत होतं?" प्रेसवाल्याला यातलं दुखणं समजावून सांगावं लागत नाही. १९८३ मध्ये स्टॉलमननं ग्नू हा मोकळ्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं, १९८९ मध्ये जीपीएल लायसन्स आणलं, ज्याचा सरळ अर्थ असा की घ्या, बदला, वाटा, विकलं तरी चालेल, पण पुढच्याला देताना तुम्हाला मिळालेला हक्क त्यालाही द्यायचा.

आता संत. तुमचं बरोबर, माझं चुकलं. सप्टेंबर २०१९ मध्ये स्टॉलमनला एमआयटी आणि फाउंडेशनचं अध्यक्षपद दोन्ही सोडावं लागलं, जेफ्री एपस्टीनच्या लैंगिक शोषण प्रकरणाच्या संदर्भात त्यानं जे ईमेल लिहिले त्यावरून, आणि २०२१ मध्ये तो फाउंडेशनच्या बोर्डावर परत आला तेव्हा त्याच्याच गोटातल्या किती जणांनी विरोधात पत्रावर सह्या केल्या, लिनक्सच्या धंद्यातल्या रेड हॅट कंपनीनं तर फाउंडेशनचा निधी थांबवला. मी हे सगळं पोस्टमध्ये गाळलं. विसरलो नव्हतो, अडचणीचं होतं म्हणून गाळलं. टोरवाल्ड्सचंही तेच, लोकांच्या कोडवर तो जे लिहायचा ते आपल्याकडच्या तालमीतसुद्धा कुणी खपवून घेतलं नसतं.

पण दादा, माफीनंतर काय झालं ते तुम्ही गाळलंत. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स सुट्टीवर गेला, लिनक्सच्या कर्नलचं, म्हणजे गाभ्याचं, ४.१९ व्हर्जन त्याचा सहकारी ग्रेग क्रोआ-हार्टमननं ऑक्टोबरमध्ये वेळेवर बाहेर काढलं, आणि जगातले कितीतरी सर्व्हर चालवणाऱ्या त्या कामाला ओरखडासुद्धा आला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा बनवणाऱ्या खिडो फान रॉसमनं, ज्याला लोक चेष्टेनं आणि प्रेमानं "तहहयात दयाळू हुकूमशहा" म्हणायचे, एका छोट्या चिन्हावरून झालेल्या भांडणाला कंटाळून खुर्ची सोडली. वारस नेमला नाही, सांगितलं तुमचं तुम्ही ठरवा. मग त्यांनी महिनोन्‌महिने वाद घालून पाच जणांची निवडून दिलेली समिती आणली. तहहयात म्हणवणारा माणूस हयात असताना उठून गेला. आपल्याकडच्या कुठल्या संस्थेत असं बघितलंय का, तुम्हीच सांगा. (कारखान्यांची नावं नकोत, घरी जायचंय.)

मला खरं म्हणायचं होतं ते हे आणि ते पोस्टमध्ये नीट आलंच नाही. आपल्याकडं मंडळं फुटतात ना, एका गल्लीत दोन गणपती, पन्नास फुटांवर दोन मांडव, दोघांचा स्पीकर एकमेकांकडं तोंड करून. मंडळ फुटतं तेव्हा पावतीपुस्तक, बँकेतली शिल्लक, ढोल, ट्रॉली सगळं जुन्या अध्यक्षाकडं राहतं आणि बाहेर पडणाऱ्यांना मोकळ्या हातानं वर्गणी मागत फिरावं लागतं. म्हणून लोक बाहेर पडत नाहीत, कुरकुरत तिथंच राहतात, आणि म्हणून अध्यक्ष वीस-वीस वर्षं अध्यक्ष. ओपन सोर्समध्ये मंडळ फुटलं तर ढोल दोघांकडंही जातात. सगळेच्या सगळे, आदल्या दिवसापर्यंतच्या हिशोबासकट. फक्त नाव जुन्यांकडं राहतं. याला फोर्क म्हणतात. ओपनऑफिस, म्हणजे पत्रं-हिशोब करायचं सॉफ्टवेअर, सन कंपनीचं होतं, २०१० च्या जानेवारीत ओरॅकल कंपनीनं सन विकत घेतली, लोकांना रंग बरा दिसला नाही, सप्टेंबरमध्ये बरेच जण कोड घेऊन बाहेर पडले. नाव मागितलं, मिळालं नाही, मग लिब्रेऑफिस म्हणून चालू केलं. आज आमच्या प्रेसची बिलं त्याच्यावरच होतात आणि ओपनऑफिसची कुणाला फारशी आठवण येत नाही. तर अशा ठिकाणी नेता म्हणजे कोण, तर ज्याला सोडून जायची सगळ्यांना पूर्ण मुभा आहे आणि तरी लोक अजून गेलेले नाहीत, तो. तुमचा रथ एकच आहे दादा, आणि तो एकच असण्यातच त्याचं माहात्म्य आहे. इथं मात्र ज्याला वाटेल तो तसाच्या तसा दुसरा रथ रात्रीत उभा करू शकतो, सागवान विकत न घेता. अर्थात उभा करणं सोपं, ओढायला माणसं कुठून आणणार. फुटलेलं मंडळ पहिल्या वर्षी लई जोरात असतंय, तिसऱ्या वर्षी मांडव घालायला चार पोरं मिळत नाहीत. फोर्कचं डिट्टो तसंच, बहुतेक मरतात.

दोर ओढणाऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलंय ते मात्र मी वाढवूनच सांगतो, कमी नाही करत. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं ते ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे बँकेच्या वेबसाईटवर ते कुलूप दिसतं ना, त्याच्या आतलं यंत्र. अर्ध्या जगाचे व्यवहार ज्याच्यावर चाललेले त्याला वर्षाकाठी देणग्या यायच्या साधारण २००० डॉलर. आपल्या गल्लीतल्या मंडळाची वर्गणी जास्त असेल! आणि २०२४ चं एक्सझेडचं प्रकरण त्याहून वाईट. फाईली दाबून लहान करणारं एक साधं टूल, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असलेलं, लासे कॉलिन नावाचा एकटा माणूस ते सांभाळत होता, बिनपगारी. २०२२ मध्ये त्यानं मेलिंग लिस्टवर लिहिलेलं की माझी मानसिक तब्येत बरी नाही, आणि हा पगार नसलेला छंदाचा उद्योग आहे हे ध्यानात ठेवा. त्यावर अनोळखी लोक त्यालाच धारेवर धरत होते, काम दुसऱ्याला दे म्हणून. मग जिया टॅन असं नाव लावणारा कुणीतरी दोन-अडीच वर्षं गोड बोलून, खरोखर कामं करून, विश्वास कमवून आत शिरला आणि त्यानं चोरदरवाजा बसवला. सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका डेव्हलपरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असं वाटलं आणि तो गप्प बसला नाही. अर्धा सेकंद! मी तर प्रिंटर दहा मिनिटं अडला तरी चहाला जातो.

यात पुढारी कुठं होते असं विचाराल, तर नव्हते. हे मला मान्य करायला लागतंय. भाषणात मेंटेनरचे, म्हणजे असा कोड सांभाळणाऱ्याचे, आभार मानणं वेगळं आणि त्याच्या घरात पैसे पोचवणं वेगळं. आपल्याकडं झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीनं २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा फंड काढला अशा प्रकल्पांसाठी, बरं वाटलं, पण तेवढ्यानं काय होतंय.

कंपन्यांचं म्हणाल तर तुमचं निम्मं पटलं. लिनक्स कर्नलचा बहुतेक कोड आज पगारी माणसं लिहितात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, पोट सगळ्यांनाच आहे. दावणीला बांधायचे प्रयत्नही होतात. रेडिस या डेटा साठवायच्या टूलच्या कंपनीनं मार्च २०२४ मध्ये लायसन्स बदलून जास्त कडक केलं, तर आठवड्याभरात लोकांनी व्हॅल्की नावाचा फोर्क काढला. मी हे मागं एकदा "जनतेचा विजय" म्हणून मिरवलेलं, पण नीट बघितलं तर त्या फोर्कच्या पाठीशी ॲमेझॉन, गुगल, ओरॅकल. म्हणजे एका सावकाराच्या तावडीतून सुटून तीन सावकारांच्या ओट्यावर बसलो. फरक एवढाच की या तिघांपैकी एकट्या कुणाला तो प्रकल्प आपल्या तिजोरीत घालता येणार नाही.

राहिली प्रचारकांची गोष्ट, म्हणजे माझ्यासारख्या बोलघेवड्यांची. "ओपन सोर्स" हा शब्दच मुळात कोड लिहिताना सुचलेला नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये क्रिस्टीन पीटरसन या बाईंनी तो सुचवला, कारण "फ्री" म्हणलं की समोरचा फुकट एवढंच ऐकायचा (तुमचंही तेच झालं की नाही?). केरळात बघा, २००१ मध्ये तिरुवनंतपुरमला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भारतातली संस्था सुरू झाली, तिथल्या लोकांनी शिक्षकांना, सरकारला वर्षानुवर्षं पटवत नेलं आणि आज तिथल्या सरकारी शाळांत पोरं लिनक्सवर शिकतात. ते काम नुसत्या कोडनं झालेलं नाही, मीटिंगांनी झालंय, कंटाळवाण्या. आपल्या सांगलीत वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांचा लिनक्स ग्रुप आहे, त्यांच्यासारखी पोरं शिकवत फिरली नाहीत तर आमच्यासारख्या प्रेसवाल्यांपर्यंत हे पोचणार कसं?

आणि माझं स्वतःचं योगदान विचारताय तर सांगतो, हसू नका. एका ओपन फॉन्टमध्ये "दऱ्या" टाईप केलं की तो ऱ्य मोडायचा, र सुटा आणि य सुटा, आणि "दऱ्याखोऱ्यातला शिवार" असं पत्रकावर छापायचं होतं. मी मोडक्या इंग्रजीत लिहिलं, फोटो जोडले, हिंदीला हा अर्धा र लागत नाही पण मराठीचं त्याच्याशिवाय चालत नाही, "वाऱ्यावर" आणि "आचार्य" हे दोन वेगळे र आहेत असं समजावलं. तीन आठवडे काही नाही. मग एक दिवस उत्तर आलं, बदल केलाय, तपासा. तो कुठल्या देशातला, बाई की बुवा, मला आजपर्यंत माहीत नाही. त्यानं कधी भाषण दिलं असेल असं वाटत नाही. पोस्टमध्ये मी त्याच्यावर एक ओळ लिहिली नाही आणि स्टॉलमनवर चार परिच्छेद, ही तुमची टीका असती तर मी गपगुमान ऐकली असती. खरं तर तुम्ही तेच म्हणत होता, फक्त जरा जोरात.

पोस्टमधला "संत" शब्द आज काढला. खाली एक्सझेडचा भाग जोडतोय, त्यात एक अडलंय. मेंटेनरला मराठीत काय म्हणायचं? राखणदार म्हणलं तर वॉचमन वाटतोय, सांभाळकर्ता म्हणलं तर शासकीय परिपत्रक. बेदाण्याच्या सौद्याला सांगलीला येणं होतच असेल तुमचं, प्रेसवर चक्कर मारा, ते गंजलेलं लॉक अजून ड्रॉवरमध्ये आहे ते दाखवतो, आणि तोवर एखादा शब्द सुचला तर इथंच खाली टाका.