‘चाफेकरांना चारच ओळी?’ : १८९७ वरील लेखाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, आभारी आहे. टीका झणझणीत आहे, पण लेख शेवटपर्यंत वाचून केलेली आहे, हे हल्ली दुर्मीळच. म्हणून दोन ओळींत न उरकता बैजवार लिहितो.

तुमचे आक्षेप थोडक्यात असे. १८९७ सालावर लिहिताना मी चाफेकर बंधूंना चार ओळी दिल्या आणि प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिनला चार परिच्छेद. प्लेगबद्दल लिहिताना माझा सूर इंग्रजांची वकिली करणारा आहे. आणि आसामचा भूकंप, सिकंदराबादचे डास हा मजकूर निव्वळ भरताड आहे.

पहिल्याचं साधं उत्तर म्हणजे लेख एका सालाचा होता. २२ जूनची रात्र १८९७ मधली: गणेशखिंडीत राणीच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी, परतणाऱ्या घोडागाड्या, ‘गोंद्या आला रे’ ही खूण आणि गोळ्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, पुण्याचा प्लेग अधिकारी रँड ३ जुलैला. पण दामोदरपंत चाफेकरांना फाशी झाली ती एप्रिल १८९८ मध्ये. फितूर झालेल्या द्रविड बंधूंवर उगवलेला सूड आणि वासुदेव, बाळकृष्ण हे भाऊ व साथीदार रानडे यांच्या फाशा १८९९ मधल्या. अर्थात तारखांच्या आड लपायची मला गरज नाही. चार ओळी मी जाणूनबुजून दिल्या. या सालाची गोष्ट आपण नेहमी त्या रात्रीपासून मागे सांगत जातो, आणि मग आधीचे सहा महिने म्हणजे पिस्तुलाच्या आवाजाची नुसती प्रस्तावना होऊन बसतात.

जानेवारीतलं चित्र बघा. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीचा ताप ओळखला होता आणि लाखो लोक मुंबई सोडून चालले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत हाफकिन प्लेगचे जंतू वाढवत होता. मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, जंतू त्यांना धरून खाली लोंबत वाढतात, मग भांडं हलवून ते तळाशी पाडायचे आणि पुन्हा नवे वाढू द्यायचे. शेवटी सगळे तापवून मारायचे. १० जानेवारीला त्यानं ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा स्वखुशीनं तयार झालेल्या कैद्यांना टोचली. टोचलेल्यांत लागण आणि मृत्यू दोन्ही कमी दिसले. हा माणूस ओडेसाचा ज्यू होता आणि इंग्रज डॉक्टरमंडळींतले बरेच जण त्याच्याकडे संशयानंच बघायचे. त्याचं कौतुक केलं म्हणजे इंग्रजांचं केलं, हा हिशेब मला काही जमला नाही.

इंग्रज सरकारनं स्वतः काय केलं, तर ४ फेब्रुवारीला कायदा केला. साथरोग कायदा, अवघी चार कलमं. सरकारला वाटतील ते नियम करा, मोडणाऱ्याला शिक्षा करा, आणि चौथ्या कलमानुसार या कायद्याखाली सद्‌हेतूनं केलेल्या कोणत्याही गोष्टीबद्दल अधिकाऱ्यावर दावा लागणार नाही. पुण्यात मार्चमध्ये रँडच्या हाताखाली सोजीर (गोरे शिपाई) घराघरांत शिरले, ते या कायद्याच्या पाठबळावर. स्वयंपाकघरात, देवघरात बूट. काखेत-जांघेत गाठी आहेत का हे चारचौघांत चाचपणं, बायकांनाही. सामानाची होळी, जमिनी उकरणं, रोगी एकीकडे आणि घरचे दुसऱ्या छावणीत. हे सगळं मूळ लेखात आहे. ‘क्रूर’ हे विशेषण मात्र मी लावलेलं नाही, कारण एवढं वाचूनही ज्याला ते आपोआप सुचत नाही त्याला विशेषणानं फरक पडणार नाही.

आता मला सगळ्यात बोचणारी गोष्ट. एवढी जुलूमजबरदस्ती झाली, ती रोग पसरतो कसा हे ठाऊक नसताना. जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण उंदरावरची पिसू तो माणसापर्यंत आणते, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवलं जून १८९८ मध्ये. म्हणजे पुण्यात भिंतींना चुना, मोऱ्यांना कार्बोलिक आणि माणसांना दंडुका चालू होता, तेव्हा पिसवा निर्धास्त होत्या. उलट जी माणसं घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहिली, ती कारण न कळताही वाचली. टिळकांनी ‘केसरी’त सोजिरांवर आसूड ओढला, तसा शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांवरही ओढला आणि हिंदूंसाठी प्लेगचं इस्पितळ काढलं. सावित्रीबाई फुल्यांनी तर मुंढव्याहून गायकवाडांच्या आजारी मुलाला उचलून आपल्या मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं, त्यात लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या. म्हणजे पुण्यातली झडतीसत्रं जोरात सुरू होण्याच्या सुमारास. त्यांना लेखात जास्त जागा मिळाली याची तक्रार तुम्ही केलेली नाही, पण तुमच्या हिशेबानं तीही करायला हवी होती.

राजकारणाचंच म्हणाल, तर त्या सालातली पुढे दूरवर गेलेली घटना माझ्या मते २२ जूनची नाहीच. ती १४ सप्टेंबरची आहे, टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्याच्या निकालाची. हा खटला रँडच्या खुनाचा नव्हता. आरोप होता १५ जूनच्या ‘केसरी’तल्या ‘शिवाजीचे उद्गार’ या कवितेवर आणि अफझलखानाच्या वधावरच्या भाषणवृत्तावर. न्या. स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितलं की सरकारबद्दल ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव! मग सरकारवर जीव ओवाळून न टाकणारा प्रत्येक संपादक आरोपीच. नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपियन होते, तीन इथले. निकाल सहा विरुद्ध तीन, शिक्षा दीड वर्षाची सक्तमजुरी. पुढच्याच वर्षी राजद्रोहाचं १२४-अ कलम आणखी रुंद केलं गेलं. जाता जाता, या वेळी टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर दावर १९०८ मध्ये न्यायमूर्ती होते, आणि टिळकांना सहा वर्षांची शिक्षा त्यांनीच दिली. पुण्यातल्या सरदार नातू बंधूंना तर खटलासुद्धा लाभला नाही. १८२७ चं एक जुनं रेग्युलेशन काढून त्यांना तसंच डांबलं. पिस्तूल एका रात्री वाजलं. ही कलमं पिढ्यान्‌पिढ्या वाजत राहिली, आणि ते चार कलमी साथरोग प्रकरण मार्च २०२० मध्ये आपल्याही दाराशी आलंच की.

राहिलं भरताड. रोनाल्ड रॉसनं २० ऑगस्टला सिकंदराबादेत हुसेन खान या रोग्याला चावलेल्या डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला. चावून घेण्याबद्दल हुसेन खानला डासामागे एक आणा मिळे. कीटक रोग वाहतो याचा पुरावा त्याच साली, इथल्याच सरकारी नोकरीतल्या डॉक्टरनं दिला, आणि पुण्यात पिसवेकडे कुणी पाहिलं नाही. ही गोष्ट मला भरताड वाटत नाही. १२ जूनच्या आसामच्या भूकंपाचा मात्र पुण्याशी काडीचा संबंध नाही. शिलाँग जमीनदोस्त झालं, दीडेक हजार माणसं गेली, आणि भूगर्भशास्त्रज्ञ ओल्डहॅमला भूकंपाच्या लहरींचे प्रकार वेगळे काढायला यातून मदत झाली. साल त्यांचंही होतं, एवढंच.

पुढचा लेख १८९८ वर आहे. त्यात दामोदरपंतांनी तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त येईल, त्यामुळे तुमची जागेची तक्रार मिटावी. मात्र त्यात मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याचं जसं आहे, तसं सुधारकांवर केलेल्या हल्ल्यांचंही आहे, आणि तेही त्याच अभिमानानं. मी दोन्ही छापणार आहे. तेव्हाही प्रतिक्रिया येऊ द्या.