फ्रान्सचा संघ फ्रान्सचाच आहे

१५ जुलै २०१८ रोजी मॉस्कोत फ्रान्सने क्रोएशियाला ४-२ असं हरवून फुटबॉलचा विश्वचषक जिंकला आणि लगेच एक वाक्य जगभर फिरू लागलं: ‘विश्वचषक फ्रान्सने नाही, आफ्रिकेने जिंकला.’ तेव्हापासून दर मोठ्या स्पर्धेत ते नव्याने येतं. २०२४ मध्ये कोपा अमेरिका जिंकल्यावर अर्जेंटिनाचे खेळाडू बसमध्ये याच अर्थाचं गाणं म्हणताना दिसले. ते चित्रण प्रसारित करणाऱ्या एन्झो फर्नांडेझला नंतर माफी मागावी लागली.

या वाक्यासोबत सहसा पूर्ण युक्तिवादही येतो. तो असा: खेळाडू बाहेरून आणले. पूर्वीचे संघ खरे फ्रेंच होते. आत्ताच्या खेळाडूंना त्या देशाबद्दल काही वाटत नाही, ते राष्ट्रगीतही म्हणत नाहीत. पैशासाठी जर्सी घालणारे भाडोत्री आहेत ते.

हा मजकूर दोन अगदी विरुद्ध टोकांचे लोक पुढे पाठवतात. एकांना स्थलांतरित नकोच आहेत. दुसऱ्यांना वसाहतवादाचा राग आहे आणि आफ्रिकेला तिचं श्रेय मिळावं असं वाटतं. दुसऱ्यांचा हेतू चांगला असेलही, पण वाक्य तेच राहतं, आणि त्यात सांगितलेली गोष्ट खोटी आहे.

आधी ‘बाहेरून आणले’ हा भाग. २०१८च्या तेवीस जणांपैकी एकवीस जणांचा जन्म फ्रान्सचा. उरलेले दोघे म्हणजे कॅमेरूनमध्ये जन्मलेला सॅम्युएल उमतिती आणि किन्शासात जन्मलेला गोलरक्षक स्टीव्ह मांदांदा. दोघेही अगदी लहानपणी फ्रान्समध्ये आले. किलियन एम्बापे पॅरिसचा, वाढला बोंदी या उपनगरात. एन्गोलो कांते पॅरिसचा, पॉल पोग्बा पॅरिसजवळच्या लान्यीचा. एम्बापे बोंदीच्या स्थानिक क्लबात खेळायला शिकला, मग क्लेरफोंतेनच्या राष्ट्रीय प्रबोधिनीत गेला. ही प्रबोधिनी १९८८ पासून चालते. त्याआधी, १९७०च्या दशकात, व्यावसायिक क्लबांना स्वतःची प्रशिक्षण केंद्रं उभारणं बंधनकारक झालं होतं. हे खेळाडू ज्या व्यवस्थेने घडवले ती फ्रान्सची आहे. ते घडले त्या वस्त्याही फ्रान्सच्याच आहेत. त्यांच्या आईवडिलांना कोणी फुटबॉलसाठी बोलावलं नव्हतं. ते कामाच्या शोधात आले, आणि बहुतेक त्याच देशांतून आले जिथे फ्रान्सने राज्य केलं होतं.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १९९८च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दोन गोल करून फ्रान्सला अंतिम फेरीत नेणारा लिलियां थुराम कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटाचा. २०१८च्या संघातला थोमा लेमारही तिथलाच. हे बेट १६३५ पासून, मधली काही वर्षं इंग्रजांकडे गेली ती सोडता, फ्रान्सकडे आहे. कर्णधार ह्यूगो लोरिस जिथे जन्मला ते नीस शहर फ्रान्समध्ये सामील झालं १८६० मध्ये. म्हणजे लेमारचं गाव लोरिसच्या गावापेक्षा दोन शतकांहून अधिक काळ आधीपासून फ्रेंच आहे. तरीही ‘आफ्रिकेचा संघ’ मोजताना बोट लेमारकडे जातं, लोरिसकडे जात नाही. आंत्वान ग्रीझमनचे आजोळचे लोक पोर्तुगालचे, त्याच्याकडेही कोणी बोट दाखवत नाही. ही यादी जन्मस्थान पाहून बनत नाही, स्थलांतर पाहूनही बनत नाही. कातडीचा रंग पाहून बनते, आणि ते स्पष्ट म्हणायला हवं.

‘पूर्वीचे संघ खरे फ्रेंच होते’ हे विधानही यातूनच येतं. १९५८ मध्ये युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला रेमों कोपा हा मूळचा कोपाशेव्स्की, उत्तर फ्रान्सच्या खाणपट्ट्यातल्या पोलिश कुटुंबातला. पोरवयात तो स्वतः खाणीत उतरला होता. त्याच वर्षीच्या विश्वचषकात १३ गोल करणारा ज्युस्त फोंतेन मोरोक्कोतल्या माराकेशचा. मिशेल प्लातिनीचं कुळ इटलीतून आलेलं. आज यांच्या फ्रेंच असण्यावर कोणी शंका घेत नाही. पण त्यांच्या आधीच्या पिढ्यांचं काय झालं होतं? १८९३ मध्ये दक्षिणेतल्या एग-मोर्तच्या मिठागरांत जमावाने इटालियन मजुरांची कत्तल केली, कारण ते कमी मजुरीत काम करून आपली भाकरी हिरावतात असं स्थानिकांना वाटत होतं. १९३०च्या दशकातल्या मंदीत पोलिश खाणकामगारांना कुटुंबकबिल्यासह गाड्यांत बसवून परत पाठवण्यात आलं. हे लोक आपल्यात कधीच मिसळणार नाहीत, असं त्यांच्याबद्दल तेव्हा खात्रीने बोललं जात होतं. आज ज्यांना ‘अस्सल’ म्हणून दाखवतात, ते काल ज्यांना हाकलत होते त्यांचेच नातू-पणतू आहेत.

आता निष्ठेचा आणि राष्ट्रगीताचा मुद्दा. अतिउजव्या पक्षाचे नेते जाँ-मारी ल पेन यांनी १९९६ मध्येच तो मांडला होता: परदेशातून खेळाडू आणून त्यांना फ्रान्सचा संघ म्हणणं कृत्रिम आहे, आणि त्यातल्या अनेकांना मार्सेयेझ हे फ्रान्सचं राष्ट्रगीत येत नाही किंवा म्हणायचं नाही. दोन वर्षांनी तोच संघ विश्वविजेता झाला. पण विजय हे या मुद्द्याचं उत्तर नाही, कारण तो संघ हरला असता तरी ल पेन चूकच असते.

खरं उत्तर वेगळं आहे. प्लातिनी सामन्यापूर्वी मार्सेयेझ म्हणत नसे, तसं त्याने स्वतः सांगितलंय. त्यासाठी त्याच्या इटालियन आजोबांचा हिशेब कोणी काढला नाही. १९९८च्या संघातला क्रिस्तियां कारांबही गात नसे. तो प्रशांत महासागरातल्या, फ्रान्सच्या ताब्यातल्या न्यू कॅलेडोनियाचा कनाक, म्हणजे तिथला मूळ रहिवासी. १९३१च्या पॅरिसमधल्या वसाहती प्रदर्शनाच्या वेळी तिथून आणलेल्या कनाकांना नरभक्षक म्हणून लोकांपुढे उभं केलं गेलं, आणि त्यांत त्याचे पणजोबा होते. असा माणूस देशाची जर्सी घालून नव्वद मिनिटं धावतो आणि गाण्याच्या वेळी ओठ मिटून उभा राहतो. या मौनात देशाबद्दलची बेफिकिरी पाहणाऱ्यांना त्याचा इतिहास ठाऊक नसावा. देशाशी असलेलं नातं गुंतागुंतीचं असू शकतं, आणि तरीही ते नातंच असतं.

निष्ठा बदलणं हा हलका सौदा असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी १९५८चा एप्रिल पाहावा. फ्रेंच क्लबांत खेळणारे अनेक अल्जीरियन खेळाडू तेव्हा गुपचूप फ्रान्स सोडून गेले आणि अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्याच्या संघटनेचा फुटबॉल संघ त्यांनी उभा केला. त्यांत रशीद मेखलुफी आणि मुस्तफा झितुनी होते. विश्वचषक दोन महिन्यांवर होता आणि दोघांनाही फ्रान्सकडून खेळण्याची संधी दिसत होती. ती त्यांनी सोडली. पैशाचा हिशेब करणारा माणूस असं करत नाही.

भाडोत्रीपणाच्या आरोपात थोडं तथ्य आहे, आणि ते मी टाळणार नाही. देशांनी खेळाडू विकत घेतल्याची उदाहरणं खरोखर आहेत. २०१५च्या हँडबॉल विश्वचषकात यजमान कतार अंतिम फेरीत पोहोचला तो प्रामुख्याने इतर देशांत घडलेल्या खेळाडूंच्या बळावर. २०११ मध्ये फ्रान्सकडून जगज्जेता झालेला बेर्त्रां रोने त्या अंतिम सामन्यात कतारकडून फ्रान्सविरुद्ध खेळला. २००४ मध्ये जर्मनीत खेळणाऱ्या ब्राझिलियन फुटबॉलपटूंना कतारकडून खेळवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा फिफाने तातडीने नियम आणला: त्या देशात जन्म हवा, किंवा आईवडील वा आजीआजोबांचा जन्म तिथला हवा, नाहीतर वास्तव्य हवं. वास्तव्याची अट आता प्रौढपणी आलेल्यासाठी पाच वर्षांची आहे. रग्बीनेही तीनाची पाच वर्षं केली. अॅथलेटिक्समध्ये २०१७ साली देशबदल सरसकट थांबवले होते, पुढच्या वर्षी नव्या नियमांत तीन वर्षांची प्रतीक्षा आली. हे नियम मला योग्य वाटतात. पण या प्रकाराशी बोंदीत वाढलेल्या मुलाचा संबंध काय? त्याने देश बदललेला नाही.

उलट दिशेची वाहतूक तर या दाव्यात दिसतच नाही. २०२२ मध्ये विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा मोरोक्को हा पहिला आफ्रिकी संघ. त्याच्या २६ जणांपैकी १४ जण मोरोक्कोबाहेर जन्मले होते. अश्रफ हकिमी माद्रिदचा, हकिम झियेश नेदरलँड्सचा, प्रशिक्षक वलीद रेग्रागी फ्रान्सचे. २०१९ मध्ये अल्जीरियाला आफ्रिका चषक जिंकून देणारा कर्णधार रियाद महरेज पॅरिसजवळच्या सार्सेलचा, आणि त्यापुढचा चषक उचलणारा सेनेगलचा कर्णधार कालिदू कुलिबालीही फ्रान्समध्येच जन्मलेला. एम्बापेचं यश आफ्रिकेचं म्हणायचं असेल तर हकिमीचं यश युरोपचं म्हणावं लागेल. मोरोक्कोच्या रस्त्यांवर त्या रात्री नाचलेल्या कुणालाही ते मान्य होणार नाही, आणि होऊही नये. पोग्बाचे दोन्ही मोठे भाऊ गिनीकडून खेळले, तो फ्रान्सकडून. एकाच घरात दोन्ही निवडी प्रामाणिक असू शकतात.

आफ्रिकेवरच्या प्रेमापोटी हे वाक्य म्हणणाऱ्यांशी माझा मतभेद इथेच आहे. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकी विनोदकार ट्रेव्हर नोआ यांनी आफ्रिकेचं अभिनंदन केलं, तेव्हा अमेरिकेतले फ्रान्सचे राजदूत जेरार आरो यांनी पत्र लिहून आक्षेप घेतला. नोआ यांचं म्हणणं होतं की माणूस एकाच वेळी फ्रेंच आणि आफ्रिकी असू शकतो. ते बरोबर आहे. पण ‘दोन्ही’ म्हणणं वेगळं आणि ‘फ्रान्स नाही, आफ्रिका’ म्हणणं वेगळं. आपलं मूळ अभिमानाने सांगण्याचा हक्क खेळाडूचा आहे. दुसऱ्या कोणी ते पुढे करून त्याचं नागरिकत्व पुसायचं नसतं.

मला सर्वांत जास्त खटकतो तो मात्र या दाव्याला नेहमी दिला जाणारा प्रेमळ प्रतिसाद: ‘बघा, स्थलांतरितांनी चषक जिंकून दिला, म्हणजे स्थलांतर चांगलं.’ १९९८ मध्ये फ्रान्सभर हेच म्हटलं जात होतं. गृहमंत्री असताना १९९३ मध्ये कडक कायदे करणारे शार्ल पास्क्वा यांनीही त्या जुलैमध्ये, कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना नियमित करावं, असं सुचवलं. पुढे काय झालं? ऑक्टोबर २००१ मध्ये फ्रान्स-अल्जीरिया सामन्यात प्रेक्षकांनी मार्सेयेझवर शिट्ट्या मारल्या आणि मैदानात घुसलेल्या गर्दीमुळे सामना थांबवावा लागला. एप्रिल २००२ मध्ये ल पेन अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत पोहोचले. त्याच उन्हाळ्यात विश्वविजेता संघ एकही गोल न करता साखळीतच बाद झाला, आणि चार वर्षांपूर्वीची ती सगळी भाषा हवेत विरली.

गोलांवर उभं केलेलं आपलेपण असंच कोसळतं. जर्मनी २०१८ मध्ये साखळीत बाद झाल्यावर मेसुत ओझिलने संघ सोडताना सांगितलं, जिंकलो की मी जर्मन आणि हरलो की स्थलांतरित. तुर्की अध्यक्षांसोबत काढलेल्या फोटोबद्दल त्याच्यावर टीका होणं मी समजू शकतो, पण त्याच्या जर्मन असण्यावरच प्रश्न उठवले गेले. त्याचा सहकारी जेरोम बोआटेंग बर्लिनमध्ये जन्मलेला, २०१४चा विश्वविजेता. त्याच्याबद्दल राजकारणी अलेक्झांडर गाउलांड २०१६ मध्ये म्हणाले की लोकांना तो खेळाडू म्हणून चांगला वाटतो, पण शेजारी म्हणून नको असतो. जुलै २०२१ मध्ये युरो चषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या आणि काही मिनिटांत त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा वर्षाव झाला. मे २०१८ मध्ये पॅरिसमध्ये मामुदू गासामा हा मालीचा तरुण चार मजले चढून गेला, लटकलेल्या मुलाला त्याने वाचवलं, म्हणून त्याला नागरिकत्व मिळालं. त्याला ते मिळालं याचा आनंदच आहे. पण ज्यांच्यासमोर असं मूल लटकत नाही, जे पहाटे कार्यालयं झाडतात आणि रात्री बस चालवतात, त्यांनी काय करायचं?

हा दावा टाळ्या-शिव्यांपुरता राहत नाही, हे २०११ मध्ये दिसलं. दुहेरी नागरिकत्वाची मुलं प्रबोधिनीत शिकून पुढे दुसऱ्या देशाकडून खेळतात, म्हणून बारा-तेरा वर्षांच्या अशा मुलांच्या प्रवेशावर मर्यादा घालावी, अशी चर्चा फ्रेंच फुटबॉल महासंघाच्या बैठकीत झाल्याचं त्या वर्षी उघड झालं. त्यावर मोठं वादळ उठलं. आज अनेक जण सांगतात की तो कोटा लागू झाला असता तर फ्रान्सने एम्बापे गमावला असता, कारण तो त्याच वर्षी क्लेरफोंतेनमध्ये दाखल झाला. हा युक्तिवाद मी वापरणार नाही. त्याच वर्षी तिथल्या निवडचाचणीत नापास होऊन घरी परतलेल्या मुलावरही तो कोटा तितकाच अन्याय ठरला असता.