शपथ आधी, मुकुट नंतर

२०२३ सालच्या मे महिन्याचा पहिला आठवडा आम्हा बेळगावकरांसाठी निवडणुकीचा होता. १० तारखेला विधानसभेचे मतदान होते आणि शहापुरातील आमच्या गल्लीतून दर अर्ध्या तासाला प्रचाराची एक रिक्षा जात असे, जी आधी कन्नडमधून आणि लगेच मराठीतून तेच आवाहन करी. त्या गदारोळात ६ तारखेच्या शनिवारी दुपारी साडेतीनला आईने टीव्हीचा आवाज वाढवला आणि आम्ही दोघे लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये चाललेला तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक पाहत बसलो. चार दिवसांनी मत द्यायला जाणाऱ्या माणसांनी परक्या राजाचा सोहळा दोन तास का पाहावा, असे मला एका मित्राने नंतर विचारले. त्याला उत्तर द्यायचे राहून गेले होते, ते आज लिहितो आहे.

त्या सोहळ्यातील जो भाग आम्हाला दिसला नाही, तोच माझ्या सर्वांत जास्त लक्षात राहिला. राजाने आधी शपथ घेतली. मग त्याची भरजरी वस्त्रे उतरवून त्याला नुसत्या पांढऱ्या सदऱ्यावर बसवले, तीन बाजूंनी भरतकाम केलेले पडदे धरले आणि जेरुसलेममध्ये मंतरून आणलेले तेल लावण्याचा विधी साऱ्या जगापासून झाकून टाकला. "अंतरपाट धरला की रे!" आई म्हणाली. समोरच्या पडद्यावर एक झाड भरले होते आणि राष्ट्रकुलातील ५६ देशांची त्यावर ५६ पाने होती, म्हणजे त्यांत एक आपलेही होते. १९५३ साली एलिझाबेथ राणीच्या वेळीही हा भाग दूरचित्रवाणीवर दाखवला नव्हता. त्यानंतर १६६१ साली घडवलेला, सुमारे सव्वादोन किलोंचा मुकुट डोक्यावर ठेवला गेला, तेव्हा तो म्हातारा माणूस मान जराही न हलवता बसला होता. मला त्याची थोडी कीवच आली.

आमच्या पिढीने राज्याभिषेक पहिल्यांदा पाहिला तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत एका वर्षी मी महाराजांच्या मागे चवरी धरून उभा होतो. सिंहासन प्लायवूडचे होते, त्यावर सोनेरी बेगड चिकटवलेला होता, शेजारी जनरेटर धडधडत होता आणि मारुती गल्लीत पोहोचेपर्यंत महाराज झालेल्या मुलाची मिशी घामाने अर्धी निघाली होती. तरीही लोक हात जोडत होते, कारण ते त्या मुलाकडे पाहत नव्हते, रायगड पाहत होते. ६ जून १६७४ च्या त्या अभिषेकाला सबळ कारण होते. ज्याला दिल्ली आणि विजापूर बंडखोर जहागीरदार समजत होते, त्याचा हुकूम हा राजाचा हुकूम आहे, हे सर्वांना मान्य करायला लावायचे होते. त्यातून नवा शक सुरू झाला, नाणी पडली आणि इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडेन तहाची कलमे घेऊन दरबारात हजर राहिला. त्या काळी अभिषेक हीच सनद होती. चार्ल्सला अशा सनदेची गरज नव्हती, कारण आईचा मृत्यू झाला त्याच क्षणी तो राजा झाला होता. युरोपातील उरलेल्या राजघराण्यांनी तर मुकुट घालण्याचा विधी केव्हाच सोडून दिला आहे.

मग राज्याभिषेकाचे आजच्या काळात स्थान काय? माझे मत असे, की ब्रिटनने मुकुट आणि सत्ता यांची फारकत केली आहे आणि हा सोहळा ती फारकत दरवेळी साऱ्यांना दाखवून देतो. ज्याच्या डोक्यावर मुकुट चढला त्याच्या हाती कारभार नाही, आणि ज्यांच्या हाती त्या वेळी कारभार होता ते ऋषी सुनक (कर्नाटकचे जावई म्हणून आमच्याकडे त्यांचे कौतुक जरा जास्तच) साध्या सुटात उभे राहून बायबलमधील उतारा वाचत होते. याचा अर्थ सगळे आलबेल होते असा नाही. प्रजेने घरी बसून निष्ठेची शपथ म्हणावी, ही कल्पना टीका झाल्यावर सौम्य करावी लागली आणि त्याच सकाळी राजेशाहीविरोधी निदर्शकांना पोलिसांनी ताब्यात घेतले. जन्मावरून मिळणारे पद मला मुळातच पटत नाही.

परंतु राजा कशासाठी लक्षात राहतो, याचे उत्तर आमच्या शेजारीच आहे. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी १९०२ साली विलायतेला गेले. २६ जूनला ठरलेला तो सोहळा राजाच्या पोटाच्या शस्त्रक्रियेमुळे लांबला आणि ९ ऑगस्टला पार पडला. या दोन तारखांच्या मध्ये, २६ जुलैला, करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी सरकारी नोकऱ्यांतील ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. एडवर्डच्या मुकुटाची आज इकडे कोणाला आठवण नाही. तो हुकूम मात्र शाळेतल्या पोरालाही माहीत असतो.

संस्थानिकांची मान्यता आणि तनखे १९७१ मध्ये गेले. २०२४ साली कोल्हापूरचे शाहू छत्रपती आणि म्हैसूरचे यदुवीर वाडियार हे दोघेही निवडणूक लढवून लोकसभेत गेले, म्हणजे आमच्या उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या दोन्ही गाद्यांचे वारस मतदारांपुढे हात जोडून उभे राहिले. मतदाराच्या बोटाला लागणारी शाई ज्या कारखान्यात तयार होते, तोही १९३७ साली म्हैसूरच्या महाराजांनीच काढलेला. १० मे रोजी पुठ्ठ्याच्या आडोशामागे मत देऊन आई बाहेर आली, तेव्हा तिच्या नखावर तीच शाई होती.

१३ तारखेला निकाल लागला. संध्याकाळी विजयी उमेदवाराची मिरवणूक आमच्या रस्त्यावरून निघाली. क्रेनला टांगलेला फुलांचा अजस्र हार, हातात तलवार आणि कार्यकर्त्यांनी डोक्यावर ठेवलेला चांदीचा मुकुट. आई गॅलरीत उभी होती. मिरवणूक पुढे गेल्यावर ती म्हणाली, "अरे, ह्यानं अजून शपथ घेतली नाही की."