"लहान मुलांना पेनकिलर नको" वाला मेसेज आणि आमची ती रात्र

फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय. छोट्या ऑपरेशननंतर मुलांना पेनकिलर देऊ नका, बाळांना तेवढं दुखत नाही, मूल खेळतंय म्हणजे ठीकय, औषधाने लिव्हर-किडनी खराब होते. माझ्या ४ वर्षांच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय म्हणून एकेक मुद्दा घेते.

बाळांना दुखत नाही, असं एकेकाळी डॉक्टरही मानायचे, १९८० च्या दशकापर्यंत कितीतरी तान्ह्या बाळांची ऑपरेशनं अपुऱ्या भुलीवर व्हायची, विचार करूनच पोटात गोळा येतो. १९८७ मध्ये डॉ. कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऑपरेशनचा ताण आणि नंतरचे त्रास दोन्ही कमी होतात.

खेळतंय म्हणजे दुखत नाही, इथे तर मीच चुकले. संध्याकाळी पलंगावर मस्त गाडी फिरवत होता म्हणून रात्रीचा डोस दिलाच नाही, पाठीत खाली दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनचा असर काही तासांत उतरतो हे डोक्यातच आलं नाही. रात्री २ ला बघते तर गुडघे पोटाशी घेऊन गप्प पडलेला, रडणं नाही, शू लागलीये पण दुखेल म्हणून करत नाही, हात लावू देईना. सिरप दिल्यावरही आराम पडायला पाऊण तास गेला आणि तो सगळा वेळ त्याने माझं बोट धरून ठेवलं होतं.

लिव्हरची भीती खोटी नाही, पण ती ओव्हरडोसची आहे. पॅरासिटामॉल वजनावर असतं, साधारण किलोला १५ मिग्रॅ, २४ तासांत जास्तीत जास्त ४ वेळा. १६ किलोच्या मुलाला २४० मिग्रॅ. घोळ बाटलीत होतो, ५ मिलीत १२५ वालं सिरप असतं, २५० वालंही, आणि ड्रॉप्समध्ये १ मिलीतच १०० असतं, त्यामुळे "एक चमचा दे" असं कुणी सांगितलं तर आधी लेबल वाचा. सर्दीच्या सिरपमध्येही पॅरासिटामॉल असू शकतं. उलट्या होत असतील, पाणी पीत नसेल तर आयबुप्रोफेन हे दुसरं पेनकिलर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, तिथे किडनीचा मुद्दा खराय. मोठ्यांची गोळी अर्धी करून तर अजिबात नाही, त्यातलं निमेसुलाइड हे पेनकिलर तर आपल्याकडे १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंद आहे.

पहिले दोन दिवस डोस कधी कधी द्यायचा ते डिस्चार्जच्या वेळीच विचारून कागदावर लिहून फ्रिजला लावा. आणि औषध देऊनही दुखणं वाढत असेल, सूज येत असेल, शू होत नसेल तर सकाळची वाट बघू नका, लगेच फोन करा.