किऑस्क घडवणाऱ्यास चार हिताच्या गोष्टी

गोव्यात पर्वरीच्या हमरस्त्यालगत किंवा मडगावच्या एखाद्या मॉलमध्ये बर्गर, तळलेले चिकन आणि फ्राइज विकणाऱ्या दुकानासाठी, ग्राहकाने पडद्यावर बोट लावून स्वतःच ऑर्डर द्यावयाचे यंत्र, म्हणजे किऑस्क, तयार करण्याचे काम तुमच्याकडे आले असेल, तर प्रथम तुमचे अभिनंदन. 'यंत्र वापरायला सोपे हवे' असे मालकाने तुम्हाला सांगितले असेलच. ते नम्रपणे ऐकून घ्यावे, वहीत उतरवून घ्यावे आणि खालच्या ओळीत, कोणाला सोपे हे मालकांनी सांगितलेले नाही, अशी नोंद करून ठेवावी. पुढचे सारे काम त्या नोंदीच्या आधारानेच करावयाचे आहे.

काम सुरू करण्यापूर्वी एक पथ्य मात्र कडकपणे पाळावे. सकाळच्या वेळी म्हापशाच्या बाजारातील कोणत्याही भाजीपावाच्या हॉटेलात पाऊल टाकू नये. तेथे गिऱ्हाईक बाकावर टेकते न टेकते तोच पोरगा टेबल पुसत समोर हजर असतो. 'एक सुकी, एक पातळ, पाव तीन, चहा मागाहून,' एवढे बोलणे त्याला पुरते. पातळ भाजी संपलेली असेल तर 'काका, पातळ संपली, टोमॅटोची देऊ?' असे तो विचारतो. काका वर्तमानपत्रातून डोके न काढता मान हलवतात आणि ऑर्डर बदललेली असते. पाव मऊ हवा की कडक उंडा, मिरचीची भजी घालायची का, सोबतच्या लहान मुलीला तिखट सोसेल का, हे तो पुष्कळदा तोंडाकडे पाहूनच ठरवतो. खाणे उरकले की रिकाम्या बशा नजरेने मोजून तो गल्ल्याकडे आकडा ओरडतो, तोवर काकांनी खिशातून नोट काढलेलीही असते. एवढे सगळे पाहून आलेल्या माणसाच्या हातून किऑस्क घडणे अवघड आहे. यंत्राने निदान एवढे तरी करावे, असा खुळा विचार त्याच्या डोक्यात शिरतो आणि मग तो जन्मभर कुठल्याच कंपनीच्या कामाचा राहत नाही. संध्याकाळी रस ऑम्लेटच्या गाड्याजवळून जाण्याचे टाळावे, ते याच कारणासाठी. वासाचा मोह हे त्याहून मोठे कारण आहे, पण ते अहवालात लिहिता येत नाही.

जुने दाखलेही नजरेआड करावेत. बर्लिनमध्ये १८९५ साली आणि फिलाडेल्फियात १९०२ साली नाणे टाकून खाणे घेण्याची भोजनगृहे सुरू झाली होती. काचेच्या लहानशा दारामागे पदार्थ ठेवलेला दिसे; नाणे टाकून मूठ फिरवली की दार उघडे आणि पदार्थ हातात येई. भाषा निवडणे नव्हते, मोबाइल क्रमांक देणे नव्हते, 'यासोबत आणखी काय घ्याल?' हा प्रश्न नव्हता. सव्वाशे वर्षांत आपण किती मजल मारली आहे, हे यावरून सहज लक्षात येते.

आता पहिला पडदा घ्यावा. तो रुखवतासारखा सजवावा. म्हणजे पाहणाऱ्याने पाहतच राहावे आणि कशाला हात लावायचा ते त्याला कळू नये. बर्गरवरून वितळलेले चीज ओघळण्याची चित्रफीत त्यावर अखंड चालू ठेवावी, आणि 'सुरू करण्यासाठी येथे स्पर्श करा' ही सूचना अगदी तळाशी, पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांत लिहावी. संकेतस्थळे सर्वांना वाचता यावीत यासाठी जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साधा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक किमान ४.५ : १ असावा असे म्हटले आहे; परंतु भुकेल्या माणसाची नजर तीक्ष्ण असते, असे समजून पुढे जावे.

त्यानंतर भाषा. गोव्यात हा विषय जपून हाताळावा लागतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोंकणी ही राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामकाजात वापराची मुभा मिळाली, आणि रोमी, म्हणजे रोमन, लिपीत कोंकणी लिहिणाऱ्यांचे गाऱ्हाणे अजून मिटलेले नाही. तुम्ही इंग्रजी आणि हिंदीवर भागवून या सगळ्या वादातून अलगद अंग काढून घ्यावे. मराठी द्यावीच लागली, तर ती 'नमस्कार' म्हणण्यापुरती द्यावी. वाळपईहून नातवंडांना घेऊन आलेल्या आजोबांनी मोठ्या समाधानाने 'मराठी' हे बटण दाबावे आणि पुढचा प्रत्येक पडदा इंग्रजीत उघडावा. कोणती भाषा हवी एवढेच आपण विचारले होते. तीच वापरू, असा शब्द कोणी दिला नव्हता.

पदार्थांच्या यादीत फार डोके घालवू नये, फक्त ती लांब असावी. पर्याय वाढले की निवड करण्यास लागणारा वेळही वाढतो, हे विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९५२ सालीच दाखवून ठेवले आहे, तेव्हा एका पडद्यावर निदान चाळीस चित्रे मावतील असे पाहावे. सोमवारी शिवराक असणाऱ्या ग्राहकाला 'फक्त शाकाहारी दाखवा' असे एक बटण दिले तर तो क्षणात मोकळा होईल आणि उरलेली चित्रे पाहणारच नाही. म्हणून ते देऊ नये. शाकाहारासाठी हिरवे वर्तुळ आणि मांसाहारासाठी तपकिरी त्रिकोण ही खूण कायद्याने ठरलेली आहे. पूर्वी दोन्हीकडे वर्तुळच असे. रंग ओळखण्यात अडचण असणाऱ्यांच्या सोयीसाठी एकाचा त्रिकोण झाला. ही सोय तुम्हाला रद्द करता येत नाही, परंतु खूण तिळाएवढी छापली तर त्रिकोणाचेही वर्तुळच दिसते. ज्या कंपन्यांच्या दहा किंवा अधिक शाखा आहेत त्यांना जुलै २०२२ पासून पदार्थापुढे कॅलरींचा आकडा द्यावा लागतो, तोही याच आकारात बसवावा.

बटणांच्या बाबतीत मात्र शास्त्र सोडू नये. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली सिद्ध केले की लक्ष्य जितके मोठे आणि जवळ, तितके ते पटकन गाठता येते. हा नियम ग्राहकाच्या सोयीसाठी वापरणारे लोक आहेत; त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे. 'होय, मोठा पेला द्या' हे बटण तळहाताएवढे, लाल, बोट जेथे आधीपासूनच असते तेथे. 'नको' हे बटण नखाएवढे, वरच्या कोपऱ्यात, आणि त्यावर 'नको, मी अर्धपोटीच राहीन' असा मजकूर. येथे तुम्हाला सरकारचेही मोलाचे साहाय्य मिळते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीच्या प्रकारांवर मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यात तेरा प्रकार व्याख्येसह, उदाहरणांसह नमूद केले. न विचारता टोपलीत वस्तू घालणे, नकार देणाऱ्याला ओशाळे करणे, किंमत हप्त्याहप्त्याने उघड करणे, खोटी घाई लावणे, सारे काही त्यात आहे. हे करू नये म्हणून ती यादी काढली, हे खरे. पण असा मुद्देसूद आणि फुकट अभ्यासक्रम दुसरीकडे मिळणार नाही.

किंमत उघड करण्याच्या प्रकाराचे एक उदाहरण देतो. फलकावर बर्गर १२९ रुपयांना असतो. तो निवडल्यावर पॅकिंगचे १५ रुपये लागतात, बसून खायचे असले तरी. त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे ७ रुपये २० पैसे. शेवटच्या पडद्यावर एका सत्कार्यासाठी ५ रुपयांची देणगी आधीच खूण करून ठेवलेली असते, आणि ती खूण काढण्यासाठी दुसरा पडदा उघडावा लागतो. झाले १५६ रुपये २० पैसे. फोंड्याच्या बाजारात भेंडीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून घासाघीस करणारी बाई येथे मुकाट्याने पैसे भरते, कारण यंत्राशी घासाघीस करता येत नाही आणि मागे रांग उभी असते.

माणसाऐवजी यंत्र असण्याचा खरा फायदा ग्राहकाच्या संकोचात आहे. स्वीडनमध्ये दारूच्या सरकारी दुकानांत काउंटरवर मागण्याऐवजी ग्राहकाने स्वतः बाटली उचलण्याची पद्धत आली, तेव्हा उच्चारायला अवघड नावांच्या दारूचा खप वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. गोव्यात दारूच्या बाबतीत असा संकोच कोणाला असल्याचे दिसत नाही, परंतु दुपारचे जेवण झालेले असताना चार वाजता दोन बर्गर मागण्याचा असू शकतो. काउंटरवरच्या ओळखीच्या मुलापुढे माणूस थोडा आवरून मागतो, पडद्यापुढे आवरत नाही. म्हणून 'आणखी काही?' हा प्रश्न एकदा विचारून थांबू नये. पदार्थ निवडल्यावर, पेय निवडल्यावर आणि पैसे भरण्याच्या ऐन तोंडावर, असा तो विचारतच राहावा.

यंत्र बसवण्याची जागा हा या कलेतील सर्वांत रसाळ भाग आहे. सुचवण्यासारखी जागा म्हणजे काचेच्या दाराशेजारची, पश्चिमेकडे तोंड केलेली. दुपारी तीननंतर पडद्यावर ग्राहकाला स्वतःचा चेहरा दिसतो आणि बाकी काही दिसत नाही. उंची अशी ठेवावी की चाकाच्या खुर्चीतील ग्राहकाला जाहिरात नीट दिसेल, पण 'पैसे भरा' या बटणापर्यंत त्याचा हात पोहोचणार नाही. अमेरिकेतील निकष हाताच्या पोहोचेची कमाल मर्यादा ४८ इंच धरतात, आणि आपल्याकडे २०१६ चा दिव्यांगजनांच्या हक्कांचा कायदा आहे. या दोहोंची प्रत कार्यालयात फाइलला लावून ठेवावी. कोणी विचारलेच तर ती चटकन सापडली पाहिजे.

पावसाळ्याची तर स्वतंत्र तयारी करावी लागत नाही, ती आयती होते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. बहुतेक किऑस्कचा पडदा बोटाच्या स्पर्शाने विद्युतभारात होणारा बदल ओळखून चालतो. त्यामुळे नुसते नख त्याला कळत नाही, भातशेतीत राठ झालेले कोरडे बोट जेमतेम कळते, पाण्याचा थेंब मात्र उत्तम कळतो. एखादी बाई छत्री मिटून आत येते. तिच्या कोपरावरून ओघळलेला थेंब पडद्यावर पडतो, सरकत सरकत 'आणखी चीज' या बटणावर येऊन थांबतो आणि आकडा एकाचा दोन होतो. ती पदराने पडदा पुसते. पदराआडचे बोट चार बटणांवरून फिरते आणि ऑर्डरीत दोन कोला व एक खेळणे जमा होते. ती 'मागे' हे बटण शोधू लागते. ते तुम्ही ठेवलेलेच नसल्यामुळे तिला 'रद्द करा' दाबावे लागते, आणि तो चीज ओघळण्याचा पहिला पडदा पुन्हा समोर येतो.

वेळेचे गणितही नीट बसवावे. यंत्राने दहा सेकंदांहून अधिक काळ उत्तर दिले नाही तर माणसाचे लक्ष उडते, असे यंत्रे वापरायला सोपी कशी करावीत याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ साली लिहिले. तुमच्या यंत्राने नऊ सेकंद घ्यावेत. ग्राहकाने मात्र तीस सेकंद काही दाबले नाही, म्हणजे तो कुटुंबातल्या पाच जणांना काय हवे ते विचारण्यासाठी मागे वळला, की 'तुम्ही अजून येथे आहात काय?' असा प्रश्न विचारून, त्याच्या उत्तराची वाट न पाहता सारे पुसून टाकावे.

पैसे घेण्यापूर्वी मोबाइल क्रमांक सक्तीचा करावा. तो दिला नाही म्हणून बिल अडवू नये असा सल्ला ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना दिला होता. तुम्ही दुकानदार नाही, यंत्र आहात. क्रमांकाला नेमके दहाच अंक घ्यावेत, म्हणजे मोरजीच्या किनाऱ्यावरून आलेला रशियन पाहुणा अकराव्या अंकापाशी अडकून पडेल आणि त्याच्या मागची रांग दाराबाहेर जाईल. लांब रांग हे दुकानाच्या लोकप्रियतेचे लक्षण मानले जाते. रोख रक्कम घेऊ नये. यूपीआयचा चौकोन दाखवावा, आणि पैसे कापले गेले पण पावती आली नाही, तर 'कृपया कर्मचाऱ्याशी संपर्क साधा' असे लिहावे.

हा कर्मचारी तुम्ही कपात केलेला असतो, त्यामुळे तो परत आणावा लागतो. पूर्वी जो काउंटरच्या आत उभा राहून ऑर्डर ऐकत असे, त्यालाच आता बाहेर यंत्राशेजारी उभे करावे आणि पाठीवर 'मी मदत करू?' असे छापलेला टी-शर्ट द्यावा. वाळपईचे आजोबा त्याला सांगतील, 'बाबा, दोन साधे बर्गर, एकात कांदा नको, आणि पोरांना फ्राइज.' तो सारे पडदे दोन्ही हातांच्या बोटांनी झपाझप पार करील, देणगीची खूण काढील, आजोबांच्या क्रमांकाऐवजी स्वतःचा मोबाइल क्रमांक घालील आणि ओला पडदा बाहीने पुसून पुढच्या माणसाकडे वळेल. महिनाअखेरच्या अहवालात या सर्व ऑर्डरी 'ग्राहकांनी यंत्रावर स्वतः दिलेल्या' अशा मोजाव्यात, आणि त्या मुलाचा पगार यंत्राच्या देखभालीच्या खर्चात दाखवावा.